यात मी कुठे आहे?

पहिल्यांदा ड्रोन उडवला त्या सकाळी ताई माझ्यासोबत नदीवर आली होती. पाणी उतरलेलं होतं आणि पात्राच्या मधोमध वाळूचं एक लांबट बेट उघडं पडलं होतं. घोटाभर पाण्यातून चालत ती बेटाच्या टोकापर्यंत गेली आणि तिथे हाताची घडी घालून, मान वर करून उभी राहिली. अंगात लाल स्वेटर. मी ड्रोन वर नेला. स्क्रीनवर उंचीचा आकडा वाढत गेला, ३०, ६०, ९०, १२० मीटर. बऱ्याच देशांत साध्या उड्डाणाला तेवढीच मर्यादा असते. तिथे थांबवला, कॅमेरा सरळ खाली वळवला आणि मिनिटभर तसाच धरून ठेवला. नदीचं वळण, वाळूवर पाण्याने सोडलेली नक्षी, हिरव्याच्या चार छटा. एवढं सगळं एका चौकटीत मावलेलं बघून माझे हात थरथरत होते.

रात्री ती क्लिप कॉम्प्युटरवर घेतली, आणखी दोन-तीन तुकडे जोडले, रंग गडद केले, खाली संगीत टाकलं आणि ताईला दाखवलं. तिने मन लावून बघितलं. पुन्हा एकदा लावायला सांगितलं, पुन्हा बघितलं. मग म्हणाली, "छान आहे गं. पण यात मी कुठे आहे?"

मी दाखवायला बोट पुढे केलं आणि ते स्क्रीनसमोर तसंच थांबलं. मलाही ती सापडत नव्हती.

तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. लेन्स म्हणजे काय, फिल्टर कशाला लावायचा, एडिटिंगमध्ये काय ठेवायचं आणि काय काढायचं, हे सगळं मी पुढच्या वर्षभरात शिकले ते त्या एका प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता. म्हणून नव्याने शिकणाऱ्यांसाठी लिहायला बसले तर सुरुवातही तिथूनच होते.

आधी मी साधा हिशोब मांडला. माझ्या ड्रोनची लेन्स २४ मिलिमीटरच्या आसपासची. हा आकडा खरा नव्हे, समतुल्य असतो. जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यावर २४ ची लेन्स लावली असती तर जेवढं दृश्य दिसलं असतं तेवढं ही दाखवते, एवढाच त्याचा अर्थ. प्रत्यक्षात एक इंची म्हणवल्या जाणाऱ्या सेन्सरची, म्हणजे फिल्मच्या जागी प्रकाश टिपणाऱ्या चकतीची, रुंदी साधारण १३ मिलिमीटर असते आणि लेन्सचं खरं नाभीय अंतर, म्हणजे लेन्सपासून प्रकाशाचे किरण जिथे एकवटतात तिथपर्यंतचं अंतर, नऊच्या आत. पण समतुल्य आकडा फार कामाचा आहे, कारण त्यातून एक सोपं गणित निघतं. त्या फिल्मवरच्या एका चित्राची रुंदी ३६ मिलिमीटर, लेन्स २४ ची. ३६ भागिले २४ म्हणजे दीड. तेव्हा २४ च्या लेन्सला समोरच्या अंतराच्या दीडपट रुंदीचं दृश्य दिसतं. १२० मीटरवरून सरळ खाली बघितलं तर चौकटीत १८० मीटर रुंद जमीन येते.

आता ही १८० मीटर जमीन ३८४० पिक्सेलमध्ये वाटा. एका पिक्सेलच्या वाट्याला पावणेपाच सेंटिमीटर. वरून बघताना माणूस म्हणजे डोकं आणि खांदे, फार तर अर्धा मीटर. म्हणजे माझी ताई त्या भल्यामोठ्या चित्रात दहा-अकरा पिक्सेलची होती. मोबाइलच्या स्क्रीनवर तर तो ठिपकासुद्धा उरत नाही. फोर-के, म्हणजे हे ३८४० पिक्सेल रुंदीचं चित्रण, घेतलं की सगळं स्पष्ट दिसेल या समजुतीत मी होते. चित्र स्पष्टच होतं. ती मात्र त्यात नव्हती.

हा दीडपटीचा हिशोब मी आजही दर वेळी मनात करते. १२ मीटर उंचीवर चौकट १८ मीटरची होते आणि माणूस शंभरेक पिक्सेलचा. आठ मीटरवर चेहरा वर केला तर ओळखू येतो. तेव्हा उड्डाणाआधी स्वतःला एवढंच विचारायचं, मला किती रुंद जागा दाखवायची आहे? जेवढे मीटर उत्तर येईल त्याला दीडने भागायचं, तेवढ्या अंतरावर ड्रोन न्यायचा. बहुतेक वेळा उत्तर वीसच्या आत येतं. ड्रोन घेतल्यावर पहिले काही महिने तो झाडाच्या उंचीवरच उडवायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

वर गेल्यावर सगळंच टिपावंसं वाटतं हे मात्र फार जुनं दुखणं असावं. १८५८ साली नादार नावाच्या फ्रेंच छायाचित्रकाराने पॅरिसजवळ बलूनमधून फोटो घेतला, तो पहिला हवाई फोटो मानतात. तेव्हा काचेवर ओलं रसायन पसरून, ते सुकायच्या आत फोटो काढून, लगेच धुवावा लागे. बलूनमधून सुटणाऱ्या वायूने ते रसायनच बिघडायचं आणि काचा काळ्या पडायच्या. किती खेपा फुकट गेल्या असतील! ते चित्र आज उरलेलं नाही. उरलेल्यांतलं सर्वांत जुनं आहे ते जेम्स वॉलेस ब्लॅक याने १८६० मध्ये बॉस्टन शहरावरून घेतलेलं. पुढे १८८८ मध्ये आर्थर बातु याने पतंगाला कॅमेरा बांधला आणि शटर उघडायला हळू जळणारी वात लावली. वात जळून संपेल तेव्हा पतंगाच्या डोळ्यापुढे जे असेल ते चित्र. मला हे फार हलवून जातं. माझ्या हातात तर नेमक्या क्षणी थांबायची, खाली उतरायची, पुन्हा बघायची पूर्ण मुभा होती, आणि मी ती वापरलीच नव्हती.

दुसऱ्या खेपेला मी खाली उतरले. ताई तिथेच, तोच स्वेटर. ड्रोन तिच्यापासून दहा-बारा मीटरवर, पाण्यावर, तिच्या डोक्याच्या थोडा वर. आता ती दिसत होती. पण तिच्यामागचं झुडूप, त्यामागचा काठ, काठावरची झाडं आणि पार मागचा डोंगरही तितकेच धारदार दिसत होते. चांगल्या फोटोत मागचं पुसट होऊन माणूस पुढे येतो ना, तसं काही केल्या होईना.

याचंही कारण लेन्समध्येच आहे. नाभीय अंतर जितकं कमी तितकी स्पष्टतेची खोली जास्त. पावणेनऊ मिलिमीटरची लेन्स, आणि प्रकाश आत येण्याचं छिद्र एफ २.८. हिशोब केला तर अडीच मीटरवर फोकस लावला की सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळंच स्पष्ट येतं. ड्रोनला हे सोयीचं आहे, फोकस चुकायची भीती जवळजवळ नाही. पण बघणाऱ्याच्या नजरेला वाट दाखवण्याचं एक साधन हातातून जातं. मग ती वाट उजेडाने दाखवायची, रंगाने दाखवायची किंवा आजूबाजूची जागा रिकामी ठेवून दाखवायची. ताईला मी झुडपासमोरून हलवून रिकाम्या वाळूवर उभं केलं. सूर्य बाजूला होता, तिची लांब सावली वाळूवर पडली. तेवढ्याने काम झालं. लेन्स बदलली नव्हती, पैसाही लागला नव्हता. उभं राहायची जागा फक्त चार पावलं सरकली होती.

त्यानंतर एका मैत्रिणीकडून दोन लेन्सचा ड्रोन दोन दिवसांसाठी मिळाला. त्यातली दुसरी लेन्स ७० मिलिमीटर समतुल्य. ३६ भागिले ७०, म्हणजे जेमतेम निम्मे. तीस मीटर लांब राहूनही चौकट पंधरा मीटरची. ताई तेवढीच मोठी दिसत होती जेवढी आधी दहा मीटरवरून दिसत होती, पण मागचा डोंगर! तो जवळजवळ तिप्पट होऊन तिच्या खांद्यामागे येऊन उभा राहिला होता. मी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवून कितीतरी वेळ बघत बसले.

लोक म्हणतात लांब पल्ल्याची लेन्स दृश्य दाबते. खरं तर लेन्स काही दाबत नाही. मी लांब गेले म्हणून ताई आणि डोंगर यांच्यातला अंतराचा फरक तुलनेने कमी झाला, एवढंच. दहा मीटरवर ताई आणि हजार मीटरवर डोंगर असेल तर प्रमाण एकास शंभर. मागे सरकून ताईपासून तीस मीटरवर गेलं तर डोंगर तिथल्या तिथेच राहतो, पण ताई तिप्पट लांब जाते. मग लेन्स दोघांनाही सारखंच मोठं करते आणि ताई पुन्हा होती तेवढी दिसते, डोंगर मात्र वाढलेला. आकार लेन्स ठरवते, नातं तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतं. झूम करणं आणि जवळ जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वाचून कधी पटलं नसतं, त्या दोन चित्रांनी पटवलं. तरीही नवख्याने दुसऱ्या लेन्सच्या मागे लगेच लागू नये. एका लेन्सचा दीडपटीचा हिशोब अंगवळणी पडला की मगच दुसरीची खरी गरज कळते.

फिल्टरचं प्रकरण मी आधी टाळत होते. मग एकदा पाण्यावरून तीन मीटर उंचीने, काठाकाठाने ड्रोन नेला. स्क्रीनवर झकास दिसलं. घरी मोठ्या पडद्यावर लावलं तर काठावरची लव्हाळी सरकत नव्हती, ठेचकाळत होती. डोळ्याला टोचत होतं.

व्हिडिओत हालचाल गुळगुळीत दिसते ती प्रत्येक फ्रेममध्ये, म्हणजे व्हिडिओतल्या एकेका चित्रात, थोडीशी पुसट असते म्हणून. प्रत्येक फ्रेमच्या निम्मा वेळ शटर उघडं राहावं असा चित्रपटवाल्यांचा जुना दंडक आहे. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५० सेकंद. पण भर उन्हात, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १०० आणि छिद्र २.८ असताना प्रकाश एवढा असतो की कॅमेरा शटर १/३२०० वर नेतो. फ्रेम अतिशय धारदार, प्रत्येकीत लव्हाळं गोठलेलं, आणि दोन फ्रेमच्या मध्ये काहीच नाही. १/३२०० वरून १/५० वर यायचं तर प्रकाश चौसष्टपट कमी करायला हवा. लेन्सवर राखाडी काच लावायची, तिचंच नाव एनडी ६४. ढगाळ दिवशी १६ पुरतो, सकाळी लवकर ८. आकडा म्हणजे प्रकाशाचा कितवा हिस्सा आत येऊ द्यायचा ते. ड्रोन सुरू करायच्या आधीच फिल्टर चढवायचा, म्हणजे गिंबल, कॅमेऱ्याला स्थिर धरणारा सांधा, जागं होताना त्या वजनासकट स्वतःला सावरून घेतं. आणि बोटाचा ठसा उमटला तर मऊ कापडाने पुसायचा. समोर सूर्य असेल तेव्हा तो ठसा पूर्ण चित्रावर दुधट पसरतो.

मात्र याचा बाऊही करू नये. १२० मीटर उंचीवरून काही सरकताना दिसतच नाही, तिथे फिल्टर नसला तरी बिघडत नाही. जमिनीजवळ, पाण्याजवळ, झाडाजवळून जाताना तो हवाच. जवळ जाण्याची किंमत म्हणा हवं तर.

हे झालं नदीवरचं. निम्मं काम घरी असतं आणि तिथे मी जास्त अडखळले.

पहिली अडचण अगदी ढोबळ. सेकंदाला १०० मेगाबिटने चित्रित केलेली फाइल मिनिटाला साडेसातशे एमबी होते. टाइमलाइनवर, म्हणजे एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिप ओळीने मांडायच्या पट्टीवर, टाकून प्ले केलं की कॉम्प्युटर अडखळायचा, चित्र थांबायचं, मग एकदम पुढे उडी. नवा कॉम्प्युटर घ्यावा लागणार म्हणून मी आठवडाभर खट्टू होते. मग कळलं की दोष यंत्राच्या ताकदीचा कमी आणि फाइलच्या स्वभावाचा जास्त. फोर-केच्या एका फ्रेममध्ये ८३ लाख पिक्सेल. सगळ्या फ्रेम पूर्ण साठवल्या तर कार्ड काही मिनिटांतच भरेल. म्हणून एच.२६४ किंवा एच.२६५ पद्धतीत एक फ्रेम पूर्ण ठेवतात आणि पुढच्या कितीतरी फ्रेमचा फक्त बदल नोंदवतात. सरळ बघताना हे छान चालतं. पण एडिटिंगमध्ये मी मध्येच कुठेतरी थांबते, मागे जाते, पुन्हा पुढे. प्रत्येक थांब्यावर कॉम्प्युटरला मागच्या पूर्ण फ्रेमपाशी जाऊन तिथपासून सगळे बदल पुन्हा जोडत यावं लागतं.

यावर प्रॉक्सी हा उपाय आहे. सॉफ्टवेअरला सांगायचं, या सगळ्या क्लिपच्या लहान, एडिटिंगला सोप्या पडतील अशा प्रती करून दे. काम त्या प्रतींवर करायचं, शेवटी फाइल बाहेर काढताना सॉफ्टवेअर आपोआप मूळ फुटेज वापरतं. रात्री प्रॉक्सी करायला लावून झोपले, सकाळी टाइमलाइन लोण्यासारखी चालत होती. त्या एका रात्रीने नव्या कॉम्प्युटरचा खर्च वाचवला. म्हणून कुणी विचारलं तर मी सर्वांत आधी हेच सांगते.

सॉफ्टवेअर कोणतं, यावर फार शब्द खर्च करण्यात अर्थ नाही. मी दा विंची रिझॉल्व्ह वापरते. १९८० च्या दशकात चित्रपटांच्या रंगकामाच्या यंत्रांपासून त्याची वाट सुरू झाली, २००९ मध्ये ब्लॅकमॅजिक डिझाइन कंपनीने ते घेतलं, आणि आज त्याची फुकट आवृत्ती शिकणाऱ्याला पुरून उरते. कॉम्प्युटर साधा असेल तर शॉटकट किंवा केडेनलाइव्हने सुरुवात करावी, तीही फुकट आहेत. कापणं, जोडणं, आवाज कमी-जास्त करणं सगळीकडे सारखंच. एक निवडावं आणि सहा महिने सोडू नये.

खरं शिक्षण सुरू झालं ते मी क्लिप नीट बघायला लागले तेव्हा. दुसऱ्या खेपेचं फुटेज बावीस मिनिटांचं होतं. ते टाइमलाइनवर घेतलं आणि लक्षात आलं की माझ्याकडे बावीस मिनिटांची दृश्यं आहेत, पण एकाही दृश्याला दुसऱ्याशी बोलता येत नाही. सगळी आपापल्या जागी सुंदर. एक संपलं की दुसरं का यावं याला कारण नाही. मी तर बहुतेक शॉट सुरू होताच कॅमेरा फिरवायला लागले होते आणि फिरवता फिरवता बंद केले होते. कापायला जागाच नव्हती. आता मी हालचाल सुरू करायच्या आधी पाच सेकंद थांबते आणि संपल्यावर पाच सेकंद. एका वेळी एकच हालचाल, पुढे जायचं तर फक्त पुढे. उडवताना ते पाच सेकंद फार लांब वाटतात, कापताना त्यांचेच उपकार वाटतात.

साधारण शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव्ह या चित्रपट-शिक्षकाने एका नटाचा, मोझ्झुखिनचा, तोच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या दृश्यांना जोडून दाखवला होता. सुपाचा वाडगा, शवपेटी, तरुणी. बघणाऱ्यांना तोच चेहरा कधी भुकेला वाटला, कधी दुःखी, कधी ओढ लागलेला. हे वाचलं आणि मी ताईचा एक शॉट घेतला. ती वाळूवर उभी, डावीकडे बघते, बस. त्यापुढे रिकाम्या नदीचा शॉट लावला, तर ती कुणाची तरी वाट बघत होती. तो काढून वळणावरून येणाऱ्या होडीचा लावला, तर तिला कुणीतरी दिसलं होतं. होडीऐवजी पाण्यावरची तिचीच सावली लावली, तर ती एकटी होती. ताईने तर काहीच केलं नव्हतं, मी "डावीकडे बघ" म्हटलं म्हणून तिने मान वळवली होती.

मग कापायची नेमकी जागा. ताई मान वळवते त्याला साधारण सव्वा सेकंद लागतो. मी आधी ती पूर्ण वळून स्थिर झाल्यावर कापत होते. होडी येई, पण दार उघडून थोडा वेळ थांबून कुणी आत यावं तशी. कट सहा फ्रेम मागे घेतला. पाव सेकंदही नाही. बरं वाटलं. आणखी सहा फ्रेम मागे, मान अजून वळतेच आहे तेवढ्यात होडी. आता माझीच नजर तिच्या नजरेबरोबर डावीकडे गेली आणि होडीवर पोचली. मी ते वीस वेळा तरी बघितलं. मग उगाच आणखी चार फ्रेम मागे घेऊन पाहिलं, तर घाई झाल्यासारखं वाटलं. चार फ्रेम पुन्हा पुढे. ड्रोनच्या पंख्यापासून सेन्सरपर्यंत एवढं तंत्रज्ञान, आणि शेवटी सगळं येऊन थांबतं ते चार फ्रेमवर आणि बघणाऱ्याची मान कुठे वळते त्यावर. त्या रात्री मला एडिटिंगचं खरं वेड लागलं.

एक गोष्ट ड्रोन देतच नाही, ती म्हणजे आवाज. पंख्यांच्या घरघरीत दुसरं काही ऐकूही आलं नसतं. सुरुवातीला मी सगळीकडे संगीत ओतायचे. नंतर एकदा ड्रोन उतरवल्यावर ताईच्या हातात मोबाइल दिला, रेकॉर्डिंग सुरू करायला लावलं आणि दोघी दहा मिनिटं गप्प बसलो. पाण्याची खळखळ, लांबच्या होडीचं वल्हं, एक टिटवी, ताईच्या पायाखालची ओली वाळू. हे आवाज टाइमलाइनवर चित्राखाली टाकले आणि ती उंचीवरची नदी एकदम ओली झाली. होडीच्या वल्ह्याचा आवाज होडी दिसायच्या आधीच, ताईच्या शॉटवर सुरू केला. आता ती मान वळवायची ती ऐकून वळवल्यासारखी. चित्र आणि आवाज एकाच जागी कापायचे नसतात, हे त्या दिवशी कानाला कळलं.

रंगांची चूक मला सर्वांत उशिरा उमगली. पहिल्या व्हिडिओत मी सगळेच रंग भडक केले होते. वाळू नारिंगी, पाणी गर्द हिरवं, झाडं त्याहून गर्द. त्यात ताईचा लाल स्वेटर नारिंगी वाळूत विरघळून गेला होता. दहा-अकरा पिक्सेलची तर ती होतीच, पण तेवढेही मी माझ्या हाताने पुसले होते.

ड्रोनमध्ये लॉग नावाचा पर्याय असतो, त्यात चित्र फिकट, राखाडी येतं आणि नंतर रंग हवे तसे चढवता येतात. उपयोगाचा आहे, पण त्याला १०-बिट चित्रण हवं. ८-बिटमध्ये प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १०-बिटमध्ये १०२४. पायऱ्या कमी असताना फिकट चित्राला ताण दिला की आकाशात पट्टे उमटतात. सुरुवातीचे काही महिने साधा रंगपर्यायच ठेवावा, आणि एका गोष्टीवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं. आकाश किंवा पाण्यावरची चकाकी पांढरी फटक पडू द्यायची नाही. काळोखात गेलेलं काही अंशी परत आणता येतं, पांढरं झालेलं काही केल्या परत येत नाही. असा जास्त उजळ झालेल्या भागावर स्क्रीनवर तिरप्या रेघा दाखवणारी झेब्रा म्हणून सोय असते, ती सुरू ठेवावी.

आता मी वाळू करडी राहू देते, पाण्याची हिरवाई थोडी उतरवते. रंग वाढवते तो फक्त जिथे नजर जायला हवी तिथे, तोही जराच.

वर्षभराने आम्ही पुन्हा त्याच बेटावर गेलो. ताईने न सांगता तोच स्वेटर घातला होता. या वेळचा व्हिडिओ एक मिनिट चाळीस सेकंदांचा झाला. जवळचे शॉट, तिची मान, होडी, वाळूवरची पावलं. माझ्या मते पूर्ण झाला होता. तिला दाखवला. ती म्हणाली, "आणि तो वरचा कुठे गेला? अगदी वरून सगळी नदी दिसत होती तो?"

"तो काढला. त्यात तू दिसत नव्हतीस ना."

"तो लाव गं शेवटी. मला आवडला होता."

जुना शॉट लावून काम भागणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेलो. ड्रोन तिच्यापासून दहा मीटरवर, पाण्यावर, तिच्या उंचीला. पाच सेकंद स्थिर. मग सरळ वर, सावकाश, आणि अंगठ्याने चाक फिरवत कॅमेरा तिच्यावर धरून. पंधरा मीटर, चाळीस, सत्तर. वारा वरती जास्त होता, गिंबल सावरत होतं. एकशेवीस. पुन्हा पाच सेकंद. घरी त्याचा वेग थोडा वाढवला, करड्या वाळूला हात लावला नाही. पाण्याचा आवाज सुरुवातीला जवळचा ठेवला आणि वर जाता जाता हळूहळू उतरवत नेला, शेवटी फक्त वारा.

तिने ते मोबाइलवर बघितलं, अगदी लहान पडद्यावर. चौकट मोठी होत गेली, बेट आलं, दोन्ही काठ आले, नदीचं वळण आलं. शेवटच्या फ्रेमवर तिने व्हिडिओ थांबवला आणि बोट बरोबर एका जागी टेकवलं.

"ही बघ मी."